टेहळणी की पाळत?

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेत सरकारी यंत्रणा आपल्याच शहरांवर ड्रोन उडवून नागरिकांवर नजर ठेवतात, अशा बातम्यांत ‘टेहळणी ड्रोन’ लिहावे की ‘पाळत ठेवणारा ड्रोन’, आणि मुळात ‘ड्रोन’चे लिंग कोणते.

‘टेहळणी’ येथे चूक आहे, आणि ही चूक इतक्या वेळा वाचनात येते की तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला आता शक्य नाही. शब्दाचा सामान्य अर्थ सांगत बसत नाही. ज्याने गडावरचा टेहळणीचा बुरूज पाहिला आहे, त्याला तो ठाऊक आहे. त्या बुरुजावरचा पहारेकरी तटाबाहेर पाहतो, कारण त्याला शत्रूची चाहूल घ्यायची असते. गडावरच्या वस्तीत कोण कोणाला भेटते, हे पाहणे त्याचे काम नव्हे. शब्दांची जुळणीही हेच सांगते. टेहळणी प्रदेशाची, वाटेची किंवा शत्रूच्या हालचालींची होते; पाळत मात्र कोणावर तरी ठेवली जाते.

२९ मे २०२० रोजी, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर निदर्शने चालू असताना, अमेरिकेतील मिनियापोलिस शहरावर सुमारे २०,००० फूट उंचीवरून ‘प्रेडेटर’ जातीचा जो ड्रोन फिरला, तो अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाचा होता. सीमेवर तो जे करतो, त्याला टेहळणी हा शब्द शोभतो. पण तेच यंत्र शहरावर आले, खाली आपलेच नागरिक रस्त्यावर उतरलेले होते, आणि तरीही आपली वृत्तपत्रे टेहळणीच लिहितात, तेव्हा त्या निदर्शकांना नकळत शत्रूच्या जागी बसवले जाते. अमेरिकेतील लोकांची तक्रार नेमकी या यंत्राच्या सीमेवरून शहरावर येण्याविषयी आहे, आणि आपण शब्द चुकवून ती तक्रारच पुसून टाकतो.

आता ज्या व्युत्पत्तीसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. ‘पाळत’ मी ‘पाळणे’ या क्रियापदाशी जोडतो, म्हणजे ज्या धातूपासून पालक, गोपाळ आणि राज्यपाल आले, त्याच ‘पाल्’ धातूशी. राखणे आणि नजर ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून निघतात, आणि हे केवळ मराठीत घडलेले नाही. फारसीत ‘निगाह’ म्हणजे नजर. मराठीत तिची ‘निगा’ झाली आणि आपण रोपांची, आजाऱ्याची निगा राखू लागलो. फ्रेंचमधील ‘सर्व्हेलन्स’, म्हणजे पाळत, या शब्दाचे मूळ क्रियापद जागे राहण्याचे आहे, आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवण्यालाही तेच क्रियापद चालते. तरीही १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीने संशयितांवर डोळा ठेवण्यासाठी ज्या समित्या नेमल्या, त्यांच्या नावात हाच शब्द होता. तिन्ही भाषांत राखणदार आणि पाळत ठेवणारा एकाच घरात जन्मले आहेत. सरकार ‘आम्ही तुमचे रक्षण करतो’ म्हणते आणि नागरिकाला मानेवर डोळे रोखलेले जाणवतात; या दोन्ही अनुभवांना एकत्र धरणारा शब्द आपल्याकडे तयार असताना तो टाकून देणे मला असह्य वाटते.

‘पाळत’ नेहमी चोरून ठेवलेली असते, म्हणून उघडपणे उडणाऱ्या ड्रोनला तो शब्द लागू नाही, असा आक्षेप काही जाणकार घेतात. तो मला मुळीच मान्य नाही. २०,००० फुटांवरचे यंत्र खालच्या माणसाला दिसतच नाही, मग त्यात उघडपणा कोणता राहिला? ‘सर्वेक्षण’ सुचवणाऱ्यांना तर मी इतकेच म्हणेन की तो शब्द रोगांच्या नोंदींपुरता ठीक आहे. त्याने माणसावर रोखलेली नजर केवळ मोजणीसारखी निरुपद्रवी वाटू लागते. फ्लोरिडा राज्याने २०१३ मध्ये पोलिसांच्या ड्रोनवर बंधने घालणारा जो कायदा केला, त्याच्या नावातील ‘अनवॉरंटेड’ या विशेषणाचे दोन अर्थ होतात, ‘वॉरंटाशिवायची’ आणि ‘अवाजवी’. ते विशेषण मराठीत आणायचे, तर त्यापुढे ‘पाळत’ हेच नाम बसते. ‘वॉरंटाशिवायचे सर्वेक्षण’ म्हटल्यावर कायद्याचा हेतूच कळत नाही.

लिंगाचा प्रश्न राहिला. ब्रिटिशांनी १९३५ मध्ये तोफांच्या सरावासाठी वैमानिकाविना उडणारे विमान वापरात आणले, त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी. त्यावरून अमेरिकी नौदलाने आपल्या यंत्राला ‘ड्रोन’, म्हणजे नर मधमाशी, म्हटले, असे मानले जाते. म्हणून मी ‘तो ड्रोन’ लिहितो. ‘ते ड्रोन’ लिहिणाऱ्यांशी माझा वाद नाही.