मनाच्या जोरावर रँडम यंत्राचे आकडे बदलतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: ध्यानवर्गात सांगितलं की एकाग्र मनाने रँडम यंत्राचे आकडे वळवता येतात आणि अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात हे सिद्ध झालंय. तुम्ही घरी नाणं १०० वेळा उडवलं, छापा यावा अशी इच्छा धरली आणि ५८ छापे पडले. याला इच्छेचा परिणाम म्हणायचं का?

५८ छाप्यांवरून तसं म्हणता येणार नाही. मनात काहीही न आणता १०० वेळा नाणं उडवलं, तरी साधारण पंधरा जणांत एकाला ५८ किंवा त्याहून जास्त छापे पडतातच. पण तुम्ही ऐकून सोडून न देता करून पाहिलंत, याचं मला फार अप्रूप वाटलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे, आणि हा प्रयोग आम्ही कॉलेजात असताना केला होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी प्रिन्स्टनचं. रॉबर्ट जान हे तिथल्या इंजिनिअरिंग शाखेचे डीन. त्यांनी १९७९ साली ‘पेअर’ नावाची प्रयोगशाळा काढली आणि ब्रेंडा डन यांच्या साथीने ती २००७ पर्यंत चालवली. डायोड या इलेक्ट्रॉनिक भागातल्या नॉइजपासून, म्हणजे विजेच्या बेभरवशाच्या चढउतारांपासून, शून्य आणि एक तयार करणारं यंत्र. एका फेरीत २०० बिट (शून्य किंवा एक असा एकेक आकडा म्हणजे बिट), म्हणजे सरासरी १०० वेळा ‘एक’ यायला हवा. समोर बसणाऱ्याने आधी नोंदवायचं की आता जास्त हवेत, कमी हवेत की काहीच नको. मग नुसतं बसून इच्छा करायची.

१९९७ साली त्यांनी बारा वर्षांचा आढावा छापला: ९१ माणसं, सुमारे २५ लाख फेऱ्या. ‘जास्त’ म्हणताना सरासरी आली १००.०२६, ‘कमी’ म्हणताना ९९.९८४. म्हणजे दहा हजार बिटांमागे ‘जास्त’ म्हणताना साधारण सव्वा बिट, ‘कमी’ म्हणताना पाऊण बिट. फेऱ्या एवढ्या होत्या की निव्वळ योगायोगाने असा फरक पडण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी निघते. ‘सिद्ध झालं’ म्हणणारे बोट ठेवतात ते इथे.

एवढा बारीक फरक नाण्यावर दिसणारच नाही. तो जेमतेम जाणवायलाही सहा कोटी वेळा नाणं उडवावं लागेल. पाच सेकंदांना एक या वेगाने, रोज आठ तास बसलात तर अठ्ठावीस वर्षं. शिवाय नाणं स्वतःच सरळ नसतं. २०२३ साली युरोपातल्या काही संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त वेळा नाणी उडवून मोजलं. उडवताना जी बाजू वर असते, तीच ५०.८ टक्के वेळा वर पडते. प्रिन्स्टनचा दावा ज्या फरकाचा आहे, त्याच्या हा साठपट झाला.

आता आमचं यंत्र. तिसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझ्या रूममेटने एक ट्रान्झिस्टर उलटा बायस करून (उलट दिशेने वीज देऊन) त्याचा नॉइज घेतला, कंपॅरेटरला (ठरावीक पातळीच्या वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य देणाऱ्या सर्किटला) दिला आणि पुढे मोजायला काउंटर लावला. एका रात्रीत १०,००० बिट. त्यात ‘एक’ ५,००० यायला हवेत, पन्नासेक इकडेतिकडे. पहिल्या रात्री दिवा मालवून दोघं त्या लाल आकड्यांसमोर बसलो आणि मनात ‘वर, वर’ म्हणत राहिलो. ५,२१२ आले! झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू ठेवून आम्ही मेसमध्ये जेवायला गेलो. परत येऊन पाहिलं तर ५,२३०. खोलीत कोणीही नव्हतं. ट्रान्सफॉर्मर तापला की कंपॅरेटरची पातळी सरकायची, एवढंच ते होतं. मग प्रत्येक दुसरा बिट उलटा मोजायची सोय केली (प्रिन्स्टनच्या यंत्रातही अशी सोय होती), म्हणजे यंत्राचा कल एकदा वर, एकदा खाली मोजला जाऊन फिटतो, आणि तो कल गेला.

त्यानंतर चाळीस रात्री केल्या, आणि सरासरी पुन्हा थोडी वरच आली. यावेळी यंत्रात काही सापडेना. शेवटी वही उघडली. सात ओळींवर काट मारलेली होती, शेजारी कारण लिहिलेलं: ‘लाइट गेली होती’, ‘डुलकी लागली’, ‘शेजारी गोंगाट’. सगळी कारणं खरी होती, एकही ओळ आम्ही खोटी लिहिली नव्हती. पण सातपैकी सहा रात्री ५,००० च्या खालच्या होत्या. चांगला आकडा आला त्या रात्रीही गोंगाट असणारच, पण तेव्हा तो आम्हाला ऐकू आला नव्हता. त्या ओळी परत धरल्यावर हाती काहीच उरलं नाही. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

प्रिन्स्टनमध्ये हेच झालं, असं मी म्हणत नाही. तिथे हेतू आधी नोंदवला जाई. पण टीकाकारांनी दाखवलं की एकूण परिणामातला मोठा वाटा एकाच व्यक्तीच्या फेऱ्यांतून आलेला आहे. आणि मला निर्णायक वाटतं ते २००० साली छापलेलं काम. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि गीसेन इथल्या दोन प्रयोगशाळा आणि खुद्द प्रिन्स्टन अशा तिघांनी तोच प्रयोग आधी ठरवून पुन्हा केला. अपेक्षित परिणाम मिळाला नाही. जान यांच्या गटाने हे स्वतःच्या नावानिशी छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पुढे २००६ साली अशा ३८० अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. लहान अभ्यासांत परिणाम मोठा आणि मोठ्या अभ्यासांत तो जवळजवळ नाहीसा, असं चित्र निघालं. नकारात्मक निकाल न छापता कपाटात पडून राहिले की नेमकं असंच दिसतं.

म्हणून माझं उत्तर: सिद्ध झालेलं नाही, आणि आजवरचा पुरावा ‘नाही’कडेच झुकतो.

तरी करून बघायचं असेल तर जरूर करा, पण कसोटी आधी ठरवा. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरेंनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा २०० मुलांच्या पत्रिका जमवून सगळ्या अटी आधीच ठरवल्या होत्या. २७ ज्योतिषांनी हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं हे ओळखायचं होतं; ४६ टक्क्यांच्या आसपास उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. तुम्हीही वहीच्या पहिल्या पानावर एकूण फेऱ्या किती ते लिहा, तारीख टाका आणि वही घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. ‘जास्त’ की ‘कमी’ हे रोज चिठ्ठी उचलून ठरवा. जितक्या फेऱ्या समोर बसून, तितक्याच रिकाम्या खोलीत. काट मारायची नाही, लाइट गेली तरी.

सर्किट हवं असेल तर सांगा, हाताने काढून फोटो टाकतो. मोजायला बसण्याआधी यंत्र तासभर तापू द्या.