हजेरीपट, बिल आणि स्थळप्रत

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बी.ए.चं शेवटचं वर्ष, सुट्टीत धाराशिव जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या पाणलोट प्रकल्पावर काम केलंस. पण तुझं लक्ष खिळलं ते ऑफिसातल्या ताईंवर. बिलं, बैठकांची इतिवृत्तं, देणगीदाराचे अहवाल, सगळं त्यांच्या हातून जायचं. असंच काम करायचंय, कोर्स कोणता करू, आणि काका म्हणतात ही तर कारकुनी, असं तू लिहितेस.

काकांना एक प्रसंग सांग. बचत गटाचं प्रशिक्षण झालं. जेवणाचं बिल 45 ताटांचं, हजेरीपटावर सह्या 38. कार्यक्रम 12 तारखेचा, बिलावर 14. गावात कोणी खोटेपणा केलेला नसतो. सात जणी जेवल्या आणि लेकरं रडायला लागली म्हणून सही न करताच निघाल्या. बिल दोन दिवसांनी लिहिलं गेलं. पण ऑडिटरपुढे फक्त कागद असतो. जाणकार बाई हा फरक बिल हातात पडताच पकडते, कार्यकर्त्याकडून कारणाची लेखी नोंद घेते आणि पुढच्या वेळी हजेरीपट जेवणाआधी फिरवायला लावते. मागाहून सह्या गोळा करायच्या नाहीत, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. मी एका संस्थेत होते तेव्हा एका हजेरीपटावर तारीख नव्हती, तेवढ्यावरून देणगीदाराकडून येणारा आमचा हप्ता अडकला आणि गावातल्या मजुरांचे पैसे थकले. ते दिवस मी विसरलेले नाही.

या कामाला आज किंमत का आहे तेही समजून घे. 2013च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. पैसे देणारा पै-पैचा हिशेब मागतो. दुसरीकडे, परदेशी निधीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा परदेशी निधी कायद्याच्या 2020च्या दुरुस्तीने 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. त्यामुळे छोट्या संस्थेत चार टेबलांचं काम एकाच माणसावर येतं. ती चारही कामं येणारी मुलगी संस्थेला हवीच असते.

आता शिकायचं काय? एमएस-सीआयटी झालं असेल तर चांगलंच, पण खरी गरज एक्सेलची आहे: मंजूर रक्कम, झालेला खर्च, शिल्लक, आणि खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली किती. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर व्हाउचर, म्हणजे खर्चाच्या नोंदी, टाकण्यापुरतं शिक. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, मार्च सोडला तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा असतो, अशा तारखा तोंडपाठ हव्यात. इतिवृत्त लिहिताना कोण काय बोललं यापेक्षा काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे लिही. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत, म्हणजे आपल्या ऑफिसात राहणारी प्रत, ठेव. आणि इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. अहवालाला साधी, छोटी वाक्यं पुरतात. सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन पोर्टलवर प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत, शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. महागड्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांची घाई आत्ता नको.

सुरुवातीचा पगार बेताचाच असेल, हे घरी आधीच सांगून ठेव.

खरं शिक्षण एखादं छोटं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः नेण्यात आहे. कॉलेजच्या एनएसएस शिबिराचा हिशेब मागून घे: अंदाजपत्रक, तीन कोटेशनं, हजेरीपट, बिलं, शेवटचा अहवाल. सगळं एका फाइलमध्ये लाव आणि ती फाइल शिबिराला न आलेल्या मैत्रिणीच्या हातात दे. तुला एकही प्रश्न न विचारता तिला पैसा कुठे गेला ते कळलं, तर फाइल जमली. अडली, तर जिथे अडली तो कागद पुन्हा कर.

मग तीच फाइल घेऊन ताईंकडे जा. त्यांच्याकडे ऑडिट कधी आहे विचार आणि तेवढे दिवस त्यांच्या शेजारी बसायची परवानगी माग. ऑडिटर कुठल्या कागदावर थांबतो, ते वहीत टिपून ठेव आणि मला कळव.

तुझी,
करिअर मार्गदर्शक