आधी ती ताडपत्री सोडा

पावसजवळच्या एका गावातून एका नवऱ्याचं पत्र आलंय. सलग तिसरं वर्ष, मृग लागला की बायको मिटत जाते. दहा-दहा तास झोपते, तरी दमलेलीच. भात आणि गोड सोडून काही नको, कुणाशी बोलणं नको. नवरात्रात आपोआप माणसांत येते. "मी तिला एका शब्दाने दुखवत नाही. सकाळचा चहासुद्धा खोलीत नेऊन देतो. अजून काय करू?"

तुम्ही भले आहात, मान्य. पण तुमचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही : "ओटीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधल्यापासून दिवसाही ट्यूब लावावी लागते." अहो दादा, एवढं लिहिलंत आणि सरळ पुढच्या ओळीवर गेलात?

ठरावीक ऋतूत येणारं आणि त्याच्याबरोबर ओसरणारं नैराश्य हा खरा आजार आहे. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, ते थंड देशांतल्या अंधाऱ्या हिवाळ्यावरून. झोप, भूक आणि मन यांचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. म्हणून तिकडे रुग्णाला सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसवतात. घरातली ट्यूब देते शंभर-दोनशे. आभाळ गच्च भरलेलं असलं तरी उघड्यावर याच्या कितीतरी पट उजेड असतो. आणि आषाढात आपल्याकडे दिवस लहान कुठे असतो? चांगला तेरा तासांचा असतो. तो तुम्ही बाहेरच अडवून ठेवलाय.

उद्या पूर्वेची बाजू सोडा. खोलीत चहा नेणं बंद. सातला दोघांचा चहा ओटीवर, अर्धा तास, रोज. ती बोलली नाही तरी बसा. झड आत येईल, लादी भिजेल. पुसा.

तिचं दुखणं हेच आहे का, ते डॉक्टर ठरवतील. थायरॉइड आणि रक्त तपासून घ्या, मग मानसोपचारतज्ज्ञ. मनोरुग्णालय तिथे, म्हणून "रत्नागिरीला नेलं" म्हटलं की गाव काय समजतं ते मलाही ठाऊक आहे. समजू दे. तिच्या तोंडी जगणं नकोसं झाल्याची भाषा आली, तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही उचलतात. डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. नवरात्राची वाट बघत तुम्ही तीन पावसाळे काढलेत.