बोकाशीने आंबवलेला ओला कचरा गांडुळांना घातला, तर गांडुळे का मरतात?

आपण विचारले आहे की, सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या गॅलरीत बोकाशीच्या, म्हणजे सूक्ष्मजीवांचे विरजण लावलेला कोंडा घालून कचरा हवाबंद आंबवण्याच्या, बादलीत दोन आठवडे आंबवलेला कचरा आपण गांडुळांच्या टपात ओतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी गांडुळे टपाच्या कडांवर चढलेली, काही फरशीवर वाळून पडलेली दिसली. तेव्हा या दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत असे समजून एक सोडून द्यावी काय? माझे उत्तर असे आहे की, दोन्ही चालू ठेवाव्यात, कारण त्या एकमेकींच्या पर्यायी नाहीत, तर एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या आहेत. आपल्याकडून त्यांच्यामधली एक पायरी राहिली. मिरजेतल्या घरी गेली सहा वर्षे मी याच दोन पद्धतींनी चार माणसांच्या स्वयंपाकघरातला कचरा घरातच जिरवते, आणि पहिल्याच वर्षी मार्चच्या अखेरीस माझ्या हातून अगदी हेच घडले होते. टपातली बहुतेक गांडुळे दोन दिवसांत गेली आणि त्याचे वाईट मला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

ही राहिलेली पायरी समजण्यासाठी आपल्या भाषेतले तीन शब्द पुरेसे आहेत, ते म्हणजे सडणे, आंबणे आणि मुरणे. बंद पिशवीत भाजीचे निवडण आणि खरकटे तसेच ठेवले की ते सडते, त्याला पाणी सुटते आणि दुर्गंधी येते. तोच कचरा हवाबंद बादलीत, योग्य विरजण लावून, दाबून ठेवला तर तो आंबतो. त्यातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल होते, सामू (आंबटपणाचे माप, pH; जितका कमी तितके आंबट) ४ च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो आणि सडवणाऱ्या जिवाणूंना तेथे वाढता येत नाही. लोणचे टिकते ते काही अंशी याच कारणाने. म्हणून दोन आठवड्यांनी बादली उघडल्यावर बटाट्याची साल सालीसारखीच आणि मेथीचा देठ देठासारखाच दिसतो. नवख्या माणसाला वाटते की काहीच झालेले नाही. खरे पाहता ते खत नसतेच. तो आंबवलेला, टिकवलेला कचरा असतो, आणि त्याचे खत व्हायला त्याला मातीत, हवेत मुरावे लागते. आंबणे आणि गांडुळे यांच्यामध्ये हे मुरणे आले नाही, तर आपल्या टपात जे झाले तेच होते.

गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते आपल्या ओलसर त्वचेतूनच श्वास घेते, त्यामुळे भोवतालच्या आम्लाचा, मिठाचा आणि हवेच्या अभावाचा परिणाम थेट त्याच्या अंगावर होतो. बादलीतला कचरा सामान्यतः इतका आंबट असतो की, त्याचा जाड थर पडताच गांडुळे त्यापासून दूर पळतात. त्यातच तो आतापर्यंत हवेवाचून ठेवलेला असतो. त्याला हवा लागली की हवेवर जगणारे सूक्ष्मजीव त्याच्यावर तुटून पडतात, तो थर गरम होतो आणि आजूबाजूचा प्राणवायू तेच वापरून टाकतात. म्हणजे आंबटपणा, उष्णता आणि गुदमरणे ही तिन्ही संकटे त्या जिवांवर एकाच रात्री आली. कडांवर चढलेली गांडुळे हवा शोधत होती.

हे मला नीट उमगले ते तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांमुळे, ज्यांच्याकडून मी दुसऱ्यांदा गांडुळांचे कल्चर (टप सुरू करण्यासाठीची जिवंत गांडुळे) आणले. त्यांनी सांगितले की, ते गांडुळांच्या बेडवर ताजे शेण कधीच टाकत नाहीत. पाचट (उसाचा वाळलेला पाला) आणि शेण यांचा थर पाणी मारून पंधरा-वीस दिवस बाजूला ठेवतात आणि त्यात हात घालून ऊब लागत नाही, अशी खात्री झाल्यावरच गांडुळे सोडतात. शेतकरी जे शेणाच्या बाबतीत करतात, तेच आपण बोकाशीच्या बाबतीत करायचे आहे.

माझी रीत अशी आहे. जुन्या कुंड्यांतली वापरलेली माती मी टाकत नाही. एका झाकणाच्या मोठ्या टबात, ज्याच्या तळाला आणि बाजूंना बारीक भोके पाडली आहेत, तिचा चार बोटे थर देते, त्यावर आंबलेला कचरा पसरते आणि पुन्हा माती घालून खुरप्याने नीट कालवते. मातीचे माप कचऱ्याच्या निदान दीडपट ते दुप्पट असावे. मोठे तुकडे असतील तर याच वेळी चिरून घ्यावेत. वरून कोरड्या मातीचा आणि बारीक केलेल्या पाचटाचा थर द्यावा, म्हणजे चिलटे बसत नाहीत. चार-पाच दिवसांनी एकदा हलवावे. पहिल्या आठवड्यात हाताला ऊब लागते व आंबट वास येतो, दुसऱ्या आठवड्यात पांढरी बुरशी दिसून नाहीशी होते, आणि तीन ते चार आठवड्यांनी वास पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा होतो. थंडीत थोडे जास्त दिवस लागतात. शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. चमचाभर मिश्रण पाण्यात ढवळून पट्टी बुडवावी आणि सामू साडेसहाच्या पुढे दिसल्याखेरीज ते गांडुळांजवळ नेऊ नये. पट्टी नसेल तर ओंजळभर मिश्रण एका डब्यात घेऊन त्यावर चार गांडुळे सोडावीत. ती काही मिनिटांत आत शिरली तर तयार, आणि वरच वळवळत राहिली तर आणखी आठवडाभर थांबावे. चुना मात्र घालू नये, त्याने आंबटपणा जातो पण गांडुळांची त्वचा भाजते. अंड्याची टरफले वाळवून मिक्सरमध्ये केलेली पूड मूठभर घातलेली चालते, कारण ती सावकाश काम करते.

मुरलेले मिश्रणही सगळ्या टपावर एकदम पसरू नये. एका कोपऱ्यात दोन बोटे जाडीचा थर द्यावा आणि उरलेला टप गांडुळांना आसरा म्हणून तसाच ठेवावा, म्हणजे काही चुकले तरी त्यांना हटायला जागा राहते. त्या कोपऱ्यात ती गर्दी करू लागली की पुढचा कोपरा घ्यावा.

येथे एक हिशेब आधीच करून ठेवणे हिताचे आहे. आमच्या घरी रोज साधारण ८०० ग्रॅम ओला कचरा निघतो. २० लिटरची बादली दाबून भरली तर ती सतरा-अठरा दिवसांत भरते. एक किलो गांडुळे दिवसाला फार तर त्यांच्या वजनाच्या निम्मे खातात, आणि घरातल्या टपात मी ३०० ग्रॅमच धरते. म्हणजे एका बादलीच्या काळात त्यांना पाच-सहा किलोच पुरते आणि बाकीचे उरते. म्हणून मी मुरलेल्या मिश्रणाचा निम्मा भाग थेट कुंड्यांत, झाडाच्या बुंध्यापासून दूर, मातीखाली घालते आणि निम्माच गांडुळांना देते. सगळा भार गांडुळांवर टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि पुष्कळ घरांत हा प्रयोग बंद पडतो तो याच कारणाने.

बोकाशी हा जपानी शब्द आहे. ओकिनावातील र्‍युक्यु विद्यापीठाचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेल्या सूक्ष्मजीवांच्या मिश्रणामुळे ही पद्धत जगभर पोचली. त्या मिश्रणात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषी जिवाणू असतात. ते मिश्रण लावलेला विकतचा कोंडा महाग वाटत असेल तर घरी करता येतो, फक्त तो त्या मिश्रणाची तंतोतंत नक्कल नसतो, त्यात मुख्यतः ताकातले जिवाणू असतात. पशुखाद्याच्या दुकानातून गव्हाचा कोंडा एक किलो आणावा. ५० ग्रॅम गूळ पाव लिटर कोमट पाण्यात विरघळवून त्यात आंबट ताकावरची निवळी वाटीभर घालावी आणि हे पाणी कोंड्यावर थोडे थोडे शिंपडत कालवावे. मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण थेंब गळू नये, इतकाच ओलावा हवा. जाड पिशवीत हवा काढून घट्ट बांधून दोन आठवडे ठेवावा, आंबटगोड वास आला की सावलीत वाळवून डब्यात भरावा. आपल्या भागात गुळाची कमतरता नाही, आणि दरमहा एवढ्या कोंड्यात माझे काम भागते. बादलीत दिवसातून एकदाच, रात्री, दिवसभराचा कचरा घालून वर मूठभर कोंडा पसरावा, ताटलीने दाबावा आणि झाकण घट्ट लावावे. वारंवार उघडले तर आंबण्याऐवजी सडते. पांढरी बुरशी चांगली, हिरवी-काळी वाईट. तळाच्या तोटीतून दोन-तीन दिवसांनी निघणारे पाणी शंभरपट साध्या पाण्यात मिसळूनच झाडांना घालावे. हे पाणी म्हणजे व्हर्मीवॉश, म्हणजे गांडुळांच्या टपातून झिरपणारे खतपाणी, नव्हे. ते गांडुळांच्या टपातही कदापि ओतू नये.

आता खरकट्याविषयी, कारण आपण त्याबद्दलही विचारले आहे. भात, चपाती, भाकरीचे तुकडे, चहाचा चोथा हे सर्व बादलीत निश्चिंतपणे घालावे. आपल्याकडचा तिखट रस्सा, लोणचे, पापड, खारवलेले दाणे यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी की, आंबवण्याने आम्ल येते व वास जातो, पण मीठ कोठेही जात नाही. ते बादलीतून टबात आणि टबातून गांडुळांच्या अंगापर्यंत पोचते, आणि खारट भोवताल त्यांच्या शरीरातले पाणी ओढून घेतो. म्हणून रस्सा गाळून फक्त चोथा घ्यावा, तोही पाण्याने विसळून. तेलाचा तवंग असेल तर तो वर्तमानपत्राने टिपून घ्यावा. लोणचे व पापड मी घालतच नाही. लिंबाच्या साली थोड्या चालतात, परंतु रसाच्या हंगामात एकदम टोपलीभर आल्या तर त्यांना वेगळे मुरू द्यावे, कारण सालीतले तेल गांडुळांना सोसत नाही. मासे-मटणाचे उरलेले बोकाशीत आंबते हे खरे असले, तरी फ्लॅटमध्ये पहिल्या वर्षी ते टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे.

सांगली-मिरजेचा उन्हाळा हा दुसरा मोठा शत्रू आहे. आपल्याकडे बहुधा आयसेनिया फेटिडा या जातीची गांडुळे मिळतात. ती १५ ते २५ अंशांत सुखात असतात आणि ३५ च्या वर तग धरत नाहीत, तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या आसपास जातो. पश्चिमेच्या गॅलरीत किंवा पत्र्याच्या छपराखाली टप ठेवला तर ती आतल्या आत शिजतात. प्लॅस्टिकच्या टपापेक्षा मातीची पसरट कुंडी उत्तम, कारण ती झिरपून गार राहते. तिच्यावर ओले गोणपाट घालून दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे आणि तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, म्हणजे लाल मुंग्याही लागत नाहीत. पावसाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. तेव्हा बारीक केलेले पाचट किंवा फाडलेला पुठ्ठा घालून ओलावा शोषून घ्यावा.

आपल्या टपाचे आज काय करायचे, ते आता सांगते. वरचा आंबट थर हाताने हळूच काढून दुसऱ्या टबात मातीत कालवा. तो वाया गेलेला नाही, महिन्याने कामी येईल. टपाच्या एका बाजूला ओलसर पाचट किंवा पुठ्ठा भरा, टरफलांची पूड शिंपडा, आणि दहा दिवस काहीही खायला घालू नका. पहिल्या दोन-तीन रात्री टपाजवळ दिवा चालू ठेवा. गांडुळांना उजेड नको असतो, त्यामुळे ती बाहेर पडत नाहीत. घरच्यांनी कितीही सांगितले तरी टप रिकामा करू नका, कारण मोठी गांडुळे गेली तरी तळच्या थरात त्यांचे कोश असण्याची शक्यता बरीच आहे. ते ज्वारीच्या दाण्याहून जरा लहान, घाटाने लिंबासारखे आणि पिवळसर तपकिरी असतात, आणि त्यांतून साधारण तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. त्या वेळी चमच्याने थोडे उकरून पाहा. पांढरेशुभ्र, दोऱ्यासारखे असंख्य कृमी दिसले तर ते वेगळे प्राणी आहेत, त्यांच्यापासून अपाय नाही, पण टप अजून आंबट आहे असे त्यांवरून समजा आणि आणखी थांबा. अंगात किंचित लालसर छटा असलेली बारीक पिल्ले दिसली, तर ती आपल्याच गांडुळांची आहेत, आणि नवे कल्चर विकत आणण्याची आपल्याला गरज पडणार नाही.