रोश होदेश हा ज्यू स्त्रियांचा दिवस का मानला जातो, आणि त्यातून त्यांना काय मिळते?

रोश होदेश, म्हणजे हिब्रू महिन्याची सुरुवात, हा स्त्रियांचा दिवस मानला जातो, कारण या दिवशी त्यांनी कामातून विसावा घेण्याची प्रथा जेरुसलेम तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातच नोंदलेली आहे. बायबलमधील कथेत इस्राएली लोकांनी पूजेसाठी घडवलेल्या सोन्याच्या वासरासाठी नवऱ्यांनी कर्णभूषणे मागितली तेव्हा स्त्रियांनी ती देण्यास ठाम नकार दिला आणि त्याचे फळ म्हणून त्यांना हा दिवस लाभला, असे ‘पिरके द’रब्बी एलिएझर’ या जुन्या ज्यू ग्रंथात सांगितले आहे. मला ही कथा फार मोलाची वाटते, कारण येथे विसावा दया म्हणून नव्हे, तर निष्ठेचा मान म्हणून मिळतो. १९७०च्या दशकापासून अमेरिकेत स्त्रियांचे गट या दिवशी कोणाच्या तरी घरी जमू लागले: मेणबत्ती लावायची, त्या महिन्याशी निगडित उतारा वाचायचा आणि मग गर्भपात, वैधव्य, आईचे आजारपण अशा सहसा उघडपणे न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी एकमेकींना सांगायच्या. दर महिन्याला त्याच ओळखीच्या चेहऱ्यांसमोर बसता येणे, हाच त्यातला खरा आधार आहे. मात्र ही विश्रांती शब्बाथसारखी, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसासारखी, बंधनकारक नाही. ती रूढी आहे आणि प्रत्येक समाजात ती वेगवेगळ्या प्रमाणात पाळली जाते.