औष्णिक वीज केंद्राची राख शेतात येते, तक्रार कुठे केली तर दखल घेतात?

तक्रार कुठे करायची ते सांगतेच. त्याआधी एक: प्लांटचा माणूस घरी येऊन सानुग्रह मदतीच्या कागदावर सही मागेल, ती करू नका.

माझं सासर नागपूर जिल्ह्यातलं, शेत राख बंधाऱ्याच्या, म्हणजे प्लांटची पाण्यात कालवलेली राख साठवतात त्या तळ्याच्या, खालच्या अंगाला. एका पावसाळ्यात बंधाऱ्याचं पाणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून वावरात आलं. ओसरलं तेव्हा पऱ्हाटी आणि तुरीच्या बुडाशी राखेचा थर बसलेला. आठवड्याच्या आत प्लांटचे साहेब कागद घेऊन हजर. शेवटची ओळ अशी, की या नुकसानीबाबत यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सही करायला तयारच होते. "साहेब स्वतःहून पैसे देऊन राह्यला तं घ्या ना, कायले वाकड्यात शिरता?" पण सातबाऱ्यावर सासूबाईंचंही नाव आहे. त्या म्हणाल्या, "पयले मले वाचून दाखवा." मी वाचला. त्यांनी अंगठा दिला नाही.

मग पंचनामा. खरी लढाई इथे झाली. तलाठ्याने कारणाच्या रकान्यात 'अतिवृष्टी' लिहिलं. म्हणाला, ताई, असं लिहिलं की सरकारी मदत लवकर मिळते. मिळत असेल, पण अतिवृष्टी लिहिलं की प्लांट सुटला. मी अडून बसले. 'राख बंधाऱ्यातून आलेल्या राखमिश्रित पाण्यामुळे' असं गट नंबरसह लिहून घेतलं, कृषी सहायक आणि पंचांच्या सह्या घेतल्या, तेव्हाच त्यांना जाऊ दिलं. पुढे प्रदूषण मंडळाने दखल घेतली ती याच कागदामुळे.

भासरे अजून लग्नाकार्यात ऐकवतात, तेव्हाच घेतले असते तर एवढी वर्षं हेलपाटे पडले नसते. त्यांना इथे सांगते: ती सही झाली असती तर त्या नुकसानीबद्दल तोंड उघडायची सोय राहिली नसती. आपल्याकडच्या कोळशात ३०-४० टक्के राखच असते, बंधारा भरतच राहणार. २०२२ च्या जुलैत नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा कॅमेरे आले, मंत्र्यांपर्यंत बातमी गेली. रोजच्या पाझराला कोणी येत नाही, तिथे कागदच लागतो.

आता तुमचा प्रश्न. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या. 'राख उडते' एवढंच लिहू नका. मंडळाने प्लांटला दिलेलं संमतीपत्र आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी मिळवा. बंधाऱ्यावर पाणी मारत राहणं, भोवती झाडांचा पट्टा, असल्या अटी त्यात असतात. कोणती अट मोडली ते क्रमांकासह लिहा. अटी पाळल्याचा अहवाल प्लांटला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तो मागवा आणि शेतातल्या फोटोशेजारी ठेवा. विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून तपासून घ्या. न्यायालयात मात्र मंडळाने रीतसर, सीलबंद घेतलेला नमुनाच टिकतो, म्हणून अधिकारी येतील तेव्हा तिथे हजर राहा आणि नाल्याचं पाणी बंधाऱ्याच्या खालून घ्यायला लावा, वरून नाही.

एवढ्याने हललं नाही तर पुण्याचा हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांचं न्यायालय. तिथे मुदत कडक आहे: तंटा असेल तर सहा महिने, भरपाई हवी असेल तर पाच वर्षं. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये आकारणी आहे, पण तो पैसा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो, तुमच्या खात्यात नाही. गावात कोणी तसं सांगत असेल तर फसू नका.

मी वकील नाही, लवादात जायचं तर वकील गाठा. प्लांट सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज थेट तिथेच चालतो, खासगी असेल तर मंडळाकडे करा. छातीच्या आजाराचं प्रकरण पिकापेक्षा अवघड जातं, त्यात माझा अनुभव नाही. आणि पैसे घ्यायलाच माझा विरोध आहे असं समजू नका. नड असेल तर घ्या, पण 'हक्क राखून, आंशिक रक्कम मिळाली' एवढं लिहूनच. सातबाऱ्यावर घरातल्या बाईचं नाव असेल तर कागद आधी तिला वाचून दाखवा.