वाचकांचे प्रश्न : गाडी लहान होते, रंगाचा थर होत नाही

जोडायच्या मॉडेल गाड्यांबद्दल आलेल्या या वेळच्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रं रंगाचीच निघाली. त्यामुळे स्केल, चाकं आणि काचा थोडक्यात वाटेला लावते आणि रंगाला ऐसपैस जागा देते. ‘सगळ्यात चांगली कंपनी कुठली?’ एवढंच ज्यांनी विचारलंय, त्यांनी तो वाद आपापसात घालावा. मी त्यात पडणार नाही.

प्रश्न : कारचं मॉडेल पहिल्यांदाच जोडणार आहे. काही किटांवर १:२४ असतं, काहींवर १:२५. दोन्ही शेजारी ठेवली तर विचित्र दिसतील का? आणि सुरुवात कुठल्या गाडीपासून करू?

साडेचार मीटर लांबीची खरी गाडी १:२४ मध्ये, म्हणजे चोवीस पट लहान केल्यावर, पावणेएकोणीस सेंटिमीटर भरते, १:२५ मध्ये अठरा. पाऊण सेंटिमीटरचा फरक पाहुण्यांच्या लक्षात येणार नाही. तुमच्या मात्र येईल, कारण आता मी सांगून ठेवलंय.

१:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, सरळ हिशोब. १:२५ ही अमेरिकेची सवय. तिथे गाड्यांच्या विक्रेत्यांकडे नव्या गाडीची जाहिरात म्हणून तयार मॉडेलं यायची, ती बहुतेक १:२५ची. एएमटी या तिथल्या कंपनीने १९५८ मध्ये त्याच मापात जोडायची किटं आणली आणि ते माप तिकडे रुजलं. तामिया, हासेगावा, फुजिमी आणि आओशिमा या जपानी कंपन्या प्रामुख्याने १:२४ करतात. या चौघी एकाच प्रांतातल्या, शिझुओकाच्या.

गाडी तुमच्या आवडीची घ्या, नाहीतर अर्ध्यात सोडाल. पण पहिल्या किटात इंजिन नको. बॉनेट बंदच असलेली किटं मिळतात, त्यातलं एखादं बघा. आणि बॉडी एकरंगी असू द्या.

प्रश्न : खोक्यातून काढल्यावर बॉडी किती रेखीव दिसते! स्प्रे कॅनने रंगवली की दारांच्या रेषा बुजतात, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. चमक भरपूर येते, तरी गाडी खेळण्यातलीच वाटते. कुठे चुकतंय?

गाडी चोवीस पट लहान झाली, रंग झाला नाही. सगळं दुखणं इथून सुरू होतं. खऱ्या गाडीवर प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून थर साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचा असतो. तेवढाच थर मॉडेलवर चढवलात तर मूळ गाडीच्या हिशोबाने तो अडीच-साडेतीन मिलिमीटर झाला. आता फटीचं बघा. खऱ्या दाराची चार मिलिमीटरची फट १:२४ मध्ये ०.१७ मिलिमीटर होते. किट बनवणारे ती मुद्दाम थोडी रुंद ठेवतात म्हणून निदान दिसते. त्यावर तुम्ही तीन-चार जाड हात मारलेत तर ती उरणार कशी?

म्हणून रंगाचं पहिलं काम रंगाआधीचं. दार, बॉनेट, डिकी यांच्या सगळ्या रेषा स्क्रायबरने (रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने) किंवा ब्लेडच्या पाठीने खोल करून घ्या. धारेने नाही, पाठीने. धार प्लास्टिक चिरते आणि कडा वर उचलते, पाठ प्लास्टिक खरवडून काढते. बरोबर चाललं असेल तर रेषेतून केसासारखी बारीक वळी निघते. सुरुवातीच्या ओढी अगदी हलक्या हाताने घ्या. टोक एकदा निसटलं की बॉनेटवर ओरखडा, मग पुट्टी, मग घासाघीस. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर मेण कोरते. तिथेही नव्या मुलांना हेच सांगावं लागतं की जोर मनगटात नको, बोटांच्या टोकांशी ठेवा.

मग बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट पदार्थ तिच्यावर राहिलेला असू शकतो, शिवाय तुमच्या बोटांचा चिकटपणा. वाळल्यावर हात लावू नका.

आता संत्र्याची साल. रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचेपर्यंत अर्धे वाळले की एकमेकांत मिसळत नाहीत, होते तशी गुठळी धरून बसतात. म्हणजे एकतर तुम्ही फार लांबून मारताय, नाहीतर कॅन गार आहे. पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर पुरे. कॅन आधी कोमट पाण्यात ठेवा, हाताला सहज सोसेल इतक्याच. आतला दाब वाढतो, रंग पातळ होतो आणि फवारा बारीक पडतो. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात नाही, हे लिहायची वेळ येऊ नये, पण पत्रं वाचते म्हणून लिहिते.

पहिल्या हातात बॉडी झाकायचीच नाही. खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. दुसऱ्या हातात बहुतेक झाकली जाईल. शेवटचा हात तेवढा ओलसर, रंग एकसंध दिसू लागेल इतपत; त्यापुढे गेलात की ओघळ. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करा आणि पलीकडे बाहेरच थांबवा. दमट दिवशी लॅकरला हात लावू नका. त्यातला द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढरट झाक येते.

खऱ्या गाडीच्या टच-अपचा मेटॅलिक रंग मॉडेलवर मारणाऱ्यांनाही हेच गणित लागू. त्यातले चमचमते कणही चोवीस पट लहान झालेले नसतात, म्हणून गाडी टिकल्या लावल्यासारखी दिसते. मॉडेलसाठी बनवलेल्या रंगात कण बारीक असतात.

आता राहिली चमक. बॉडी नाकाशी धरा. रंगाचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही, मग बोटाला कितीही कोरडा लागो. वास गेल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलकेच घासा, मग आणखी बारीक, मग कंपाउंड, म्हणजे घासून चमकवायची पेस्ट. चाकांवरच्या कमानीच्या आणि बॉनेटच्या कडांवर मास्किंग टेप लावून ठेवा. तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि खालचा प्रायमर क्षणात डोकावतो. शेवटी रेषांत पातळ गडद रंग सोडायचा असेल तर पांढऱ्या गाडीला करडा, लाल गाडीला काळपट तपकिरी. सगळीकडे काळाच भरणं मला आवडत नाही. गाडी कंपासपेटीतल्या पेनने आखल्यासारखी दिसते.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी जोडलेल्या गाडीचे टायर रिममध्ये वितळून रुतलेत. उन्हात ठेवली नव्हती. असं का झालं?

ऊन निर्दोष आहे. काही किटांतले टायर मऊ व्हिनाइलचे असतात. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि जिथे टेकतं तिथलं किटाचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, खातं. टायर सोडवा, रिम खरवडून सपाट करा, रंगवा. परत बसवताना मध्ये नळ जोडायच्या टेफलॉन टेपचा एक वेढा द्या. न जोडलेली किटं साठवणाऱ्यांनी खोकी उघडून टायर वेगळ्या पिशवीत काढावेत. काचेवर टेकून राहिले तर काचही गेली.

प्रश्न : पुढची काच सुपरग्लूने चिकटवली. सकाळी बघतो तर आतून धुकं! पुसलं तरी जात नाही.

सुपरग्लूची वाफ वाळताना आसपास पांढरी बसते. गुन्ह्याच्या तपासात बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. काच निघत असेल तर काढा, कंपाउंडने घासा आणि चकचकीत अॅक्रिलिक क्लिअरमध्ये बुडवून झाकणाखाली वाळवा. पुढच्या वेळी पांढरा गोंद घ्या. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि काचेला एवढी पकड पुरते.

प्रश्न : खोलीची खिडकी उघडून साधा कापडी मास्क लावला तर स्प्रे करायला चालेल ना?

नाही. कापड आणि धुळीचा मास्क लॅकरची वाफ अडवत नाहीत. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि हवा बाहेर ओढणारा पंखा. हार्डनर घालायचे टू-के, म्हणजे दोन भाग मिसळायचे, क्लिअर आयसोसायनेट या विषारी रसायनाचे असतात. घरात ते मारूच नका.

प्रश्न : मी सातवीत आहे. घरी स्प्रे करायला परवानगी नाही. ब्रशने बॉडी रंगवली तर रेघा दिसतात. मी काय करू?

बॉडी रंगवूच नकोस. लाल, पिवळ्या, निळ्या प्लास्टिकची किटं मिळतात, त्यातलं एक निवड. साच्याच्या जोडाची बारीक उंच रेघ छतावर किंवा कडेने गेलेली असते, ती आधी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घास. मग १०००, १५००, २०००, आणि शेवटी मऊ सुती फडक्यावर कंपाउंड. पेपर बदललास की घासायची दिशाही बदल, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. वर संत्र्याच्या सालीबद्दल विचारणाऱ्या काकांची सगळी भानगड रंगाच्या थराची आहे; तुझ्या गाडीवर थरच नसेल, त्यामुळे रेषा खोक्यातून निघाल्या तशा राहतील. खिडक्यांभोवतीचं काळं रबर, बंपर, आतल्या सीट हे ब्रशने रंगव, पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिकने. रबराला आधी मास्किंग टेप लाव आणि रंग पूर्ण वाळायच्या आत टेप काढ, नाहीतर कड तुटक येते. भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, पिळून तोडू नकोस, निप्परने काप, आणि उरलेला टवका छाटायला ब्लेड लागेल तेव्हा घरातल्या मोठ्यांना शेजारी बसव.